दोष काढायचे रविवार

ती मला पहिल्यांदा दिसली ती एका रिकाम्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये. दोन्ही नळ पूर्ण सोडून ती पाण्याकडे बघत उभी होती.

"पाणी वाया जातंय," मी म्हणालो.

"धार बघतेय," ती मान न वळवता म्हणाली. "वरच्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर भाडेकरू टिकत नाही. तुम्ही कोण?"

"मीही फ्लॅट बघायलाच आलोय."

मग मात्र ती वळली. "दुसरी पार्टी आजच टोकन देतेय, असं एजंट मला सांगतोय. ती पार्टी तुम्ही?"

"मला तर तो म्हणाला, ती पार्टी तुम्ही!"

ती इतकी मोठ्याने हसली, की बाहेर एजंटाचं फोनवरचं बोलणं थांबलं.

आम्ही दोघंही टोकन न देता जिना उतरलो. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, मी लिफ्ट दुरुस्त करायचो. एखादा लहान फ्लॅट घ्यावा, भाड्याने द्यावा, पुढेमागे आधार होईल, एवढंच दोघांच्याही मनात होतं. पण एकेकट्याच्या पैशात खुराडंच मिळत होतं.

"अर्धा-अर्धा घ्यायचा?" खालच्या पायरीवर तिने विचारलं.

"तुम्ही मला ओळखतसुद्धा नाही."

"फ्लॅट तरी कुठे ओळखीचा असतो? चौकशी करायची आणि मग घ्यायचा."

तिने खरोखरच चौकशी केली. त्याच आठवड्यात कामावर आमचे मालक मला म्हणाले, "एक मुलगी येऊन तुझ्याबद्दल विचारून गेली. मी सांगितलं, पोरगा सरळ आहे, फक्त बोलायला त्याला वेळ लागतो."

मग रविवार सुरू झाले. ती खालच्या मजल्यावरच्या बाईंना पाण्याचं विचारायची. आधीचा भाडेकरू का गेला, हे वॉचमनकडून काढून घ्यायची. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की तिथे हात लावून बघायची, खाली ओल असणार म्हणून. भाडं वर्षाचं नाही, अकरा महिन्यांचंच धरायचं, कारण एक महिना घर रिकामं जातंच, हे मी तिच्याकडून शिकलो. लिफ्ट मात्र मी बघायचो. एजंट तिला 'वहिनी' म्हणायचे. पहिल्या एजंटाला तिने ताडकन सांगितलं, "मी यांची कोणी नाही." नंतरच्या एजंटांना मात्र ती काही बोलेना… मीही बोललो नाही.

घरी माझी वहिनी म्हणाली, "भावजी, फ्लॅट बघताय की मुलगी?"

"फ्लॅट."

"मग दर रविवारी शर्टाला एवढी कडक इस्त्री कशाला? फ्लॅट काय तुम्हाला नाही म्हणणार आहे?"

आणि एका रविवारी तो फ्लॅट आला. पाणी, भिंती, लिफ्ट, भाव, सगळं ठीक. विकणारे काका मुलाकडे राहायला जाणार होते. "संध्याकाळपर्यंत सांगा," ते म्हणाले, "दुसरे खरंच थांबलेत." आणि आम्हाला आतल्या खोलीत सोडून बाहेर जाऊन बसले.

मी खिडकीशी गेलो.

"इथून ऊन फार येतं," मी म्हणालो.

"मागच्या रविवारी ऊन येत नाही म्हणून नाही म्हणालात."

"त्याच्या आधी तुम्ही बेसिन बुटकं म्हणून नाही म्हणालात."

"बुटकंच होतं ते!" तिचे कान लाल झाले. मग आवाज उतरला. "हा सोडला तर असा परत मिळायचा नाही."

"माहितीये."

"मग घेऊ या ना."

"घेतला तर—"

"घेतला तर काय?"

"रविवारी काय करायचं?"

ती खिडकीच्या कडीशी चाळा करू लागली.

"आई मला दर रविवारी विचारते," ती हळूच म्हणाली, "एवढ्या फ्लॅटमधला एकही कसा आवडत नाही? मी सांगते, भागीदार फार चिकित्सक आहे."

"मी?"

"मग काय माझं सांगू?" असं म्हणून ती बाहेर गेली. "काका, आम्ही घेतोय," हे मला आत ऐकू आलं. ती परत आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती.

"हा भाड्यानेच द्यायचा. ठरल्याप्रमाणे."

"हो."

"म्हणजे राहायला दुसरं बघावं लागेल आपल्याला."

"आपल्याला?"

"अहो, तुम्हाला एकट्याला निवडता येणार आहे का काही!"

राहायला घेतलेलं घर आम्ही एकाच फेरीत ठरवलं. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागायचा. पलंगामागच्या भिंतीला ओल होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "हेच घेऊ."

"ओल दिसली ना?"

"दिसली. आता दोष काढू नका."

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष लागलं. परवा एक तरुण एजंट आला होता. "काका, भिंतींना ओल आहे, अंधार आहे, एकट्याला एवढं घर कशाला? भाव चांगला आहे तोवर काढून टाका," म्हणाला. मुलगा हुशार होता. त्याचा हिशोब मी दोनदा तपासला, बरोबर होता.

मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारलं. हिशोबात बसेल असं एकही मला सांगता आलं नाही.