पोस्टरवरचं परकं अक्षर

“माझ्या बाबांचा जीव कोणी घेतला, ते मला हवंय. त्याच्या तोंडावर थुंकायचंय,” असं म्हणत केसेनिया वेनियामिनोव्हनाने टेबलावर पोस्टर उलगडलं.

लाल आकाश, पोलादी दंडांचे कामगार आणि पुढे गव्हाच्या लोंब्या घेतलेली, दोन वेण्यांची मुलगी. तिच्या बुटांपाशी खडबडीत रेघेत एक वेडंवाकडं अक्षर होतं, इंग्रजी ‘आर’. १९५१ साली ही पोस्टरं लेनिनग्राडच्या भिंतींवर लागली आणि ते अक्षर हेरांची खूण ठरलं. चित्रकार वेनियामिनने ‘मीच काढलं’ असं लिहून दिलं. सक्तमजुरीच्या छावणीतून तो परतलाच नाही.

“ही मुलगी कोण?” खाजगी तपासनीस तमारा ल्वोव्हनाने विचारलं.

“मीच. पाच वर्षांची होते, नुकती अक्षरं गिरवत होते. बाबा छापखान्यात मला समोर उभं करून चित्र काढायचे. तिथे तिसरा माणूस एकच, सावेली. बाबांची जागाही त्यालाच मिळाली. बेचाळीस वर्षं मी त्याला नमस्कार केलेला नाही.”

संपलं की प्रकरण, असं तमाराचा मदतनीस ग्लेब याला वाटलं.

सावेली कुझ्मिच ऐंशीचा होता. ज्यांवर चित्र काढून पोस्टरं छापत, ते जड दगड उचलून पाठीत वाकलेला. तिघं त्याच्या घरी गेली, पण केसेनिया दारातच थांबली. तिला बघताच म्हातारा विचारायच्या आधीच बोलला, “मीच काढलं ते. टाकाने, शाईत बुडवून. लिहून घ्या.”

“बघा, मी म्हणत नव्हतो?” ग्लेब म्हणाला.

“गप रे! सावेली कुझ्मिच, टाकाची रेघ गुळगुळीत येते. ही खडूची आहे. आणि भिंतीवर हा आरसा कशाला?”

“दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, बाई. छापल्यावर सुलटं होतं. आरशात बघून तपासायचं.”

तमाराने आरसा काढून घेतला. तिचा आवाज खाली आला. “हे तुम्हा दोघांना झोपेतही ठाऊक होतं. काढणाऱ्याला नव्हतं. त्याने दगडावर आपलं साधं अक्षर सुलटं लिहिलं. छापताना ते उलटलं आणि परकं झालं. केसेनिया, इथे थुंकण्याजोगं कोणी नाही. हवं तर इथेच थांबू.”

केसेनियाने आरसा हिसकावून पोस्टरसमोर धरला. त्यात रशियन अक्षर ‘या’ दिसलं. त्या एवढ्याशा अक्षराचा अर्थ ‘मी’. चित्रातल्या मुलीच्या पायाशी कोणीतरी मोठ्या हौशीने लिहिलं होतं, ही मी.

“कोणी काढलं?” ग्लेबला अजून उमगलं नव्हतं.

“मी,” केसेनिया म्हणाली.

“वेन्याने, तुझ्या बाबाने, शपथ घातली होती, पोरीला कळता कामा नये,” म्हातारा रडू लागला. “पाच वर्षांची होतीस गं.”

केसेनिया उंबरा ओलांडून आत आली आणि म्हाताऱ्याचे हात धरून कशीबशी म्हणाली, “नमस्कार, सावेलीकाका.”