शर्टावर न उमटलेलं निळं

"नवं निळं तीनदा धुतल्याशिवाय अंगावर चढवू नकोस," आईनं बजावलं होतं. बोरोकानं ते कानाआड केलं. नवाकोरा निळा झगा घालून, भुरभुर पावसात भिजत तिनं ग्योर शहराची बस पकडली. वळणावर बस कचकन थांबली आणि ती एका पांढऱ्या शर्टावर आदळली.

शर्टावर निळा पट्टा उमटला.

"द्या... मी धुऊन देते."

"नको," तो पट्टा निरखत म्हणाला. "हा रंग का सुटतो, ते शोधू द्याल?"

तो बेनेदेक, शहरातल्या प्रयोगशाळेत कापडांवर काम करणारा. राबा नदीकाठच्या गावी बोरोका आणि तिची आई निळीची रंगशाळा चालवत; गावच्या नाचमंडळातल्या बायकांचे निळे झगे त्यांच्याकडचेच. या द्राक्षहंगामाच्या नाचातही त्या झग्यांनी पुरुषांचे पांढरे सदरे डागाळले, तर पुढच्या वर्षी कपडे कारखान्यातून घेऊ, असं नाचमंडळानं कळवलं होतं. मग निळीचं पिंप बंदच पडलं असतं.

बेनेदेक दर शनिवारी सिलिकाचं पाण्यासारखं द्रावण घेऊन यायला लागला. कापड त्यात बुडवायचं, पिळायचं, गरम हवेत वाळवायचं. धाग्यांवर काचेची अदृश्य साय धरते आणि रंग आतच राहतो, म्हणे. पहिला झगा इतका कडक झाला, की जमिनीवर आपला आपण उभा राहिला. बोरोका हसून हसून बेजार. तो मात्र न चिडता द्रावण पातळ करत राहिला. पांढरी चिंधी झग्यावर दहादा घासायचा, उजेडात धरायचा... ती त्याचे हात बघत राहायची.

आई चिडवायची. तिच्या काळी नाच संपला की बायका तरण्या पोरांचे शर्ट बघत. ज्याची छाती निळी, तो कुणा पोरीला बिलगून नाचलेला... सापडला!

एका शनिवारी चिंधी पांढरीशुभ्र राहिली.

हंगामाच्या नाचात सगळे सदरे स्वच्छ राहिले. मंडळानं पुढच्या वर्षीचे झगेही सांगून टाकले. बोरोकाबरोबर नाचून झाल्यावर बेनेदेकनं स्वतःचा शर्ट पाहिला.

"पंचाईत झाली."

"का?"

"तुझ्या आईला काहीच दिसणार नाही. आता तोंडानं सांगावं लागेल — तू मला आवडतेस, बोरोका."

"ते आईला सांग," ती म्हणाली. "मला बसमध्येच कळलं होतं."

आता ती दोघं ग्योरला असतात. तान्हं बाळ तिच्या निळ्या खांद्यावर झोपतं. तरी ती दहादा त्याचा गाल तपासते. आई मात्र गावी एकटीच, आणि फोनवर नेहमी "बरी आहे" म्हणते. राबाकाठी गेलात, तर तेवढं तिच्याकडे डोकावून या. बोलण्यावर जाऊ नका, हात बघा... कोपरापर्यंत निळे असले, तर खरंच बरी आहे.