हवेत फुटलेलं अमरफळ

"आजीला मी मारलं नाही," मियुकी म्हणाली. "पण उद्याच्या बोटीने पोलीस मला नेणार आहेत."

कुरेबायाशीबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. खासगी तपास करणाऱ्या या बाई मोजकंच बोलत. उरलेलं त्यांचा सहायक नेमोतो बोले.

"भांडण झालं होतं ना?" त्याने विचारलं.

"सकाळी. अख्ख्या बेटाने ऐकलं. माझ्याबरोबर शहरात चल म्हणत होते, ती ऐकेना. दुपारच्या बोटीने मी निघून गेले. भांडणानंतर तिला कुणीच पाहिलं नाही म्हणतात."

त्याच संध्याकाळी मियुकीची आजी हात्सुए तांब्याच्या जुन्या कारखान्यात सापडली. धुराड्याच्या खड्ड्यात, डोकं ठेचलेलं. भट्ट्या पेटत होत्या तेव्हा बेटावर वाळत घातलेले कपडे काळे होत आणि बायका त्यावरूनही एकमेकींना हसत. आता धुराड्याच्या बोगद्यात शिल्पकार साएकीने भलामोठा आरसा बसवला होता आणि तो बघायला लोक बोटी भरून येत.

साएकी अदबीने भेटला. "त्या दिवशी दुपारच्या बोटीने उतरलो, खानावळीत जेवलो आणि खोलीत झोपलो. कारखान्याकडे फिरकलोच नाही."

"हात्सुए रोज बोगद्यात बसायच्या म्हणे?"

"वळणापलीकडे! तिचा नवरा तिथे खपायचा म्हणून. आरशात लोकांना आकाश दिसायला हवं, तर दिसायची म्हातारी." तो हसला. "गंमत केली, बाई."

बोगद्यात वळणावरचा आरसा लख्ख होता.

"पोलिसांनाही त्या संध्याकाळी असाच दिसला," नेमोतो म्हणाला. "साएकी दुसऱ्या कुणाला पुसू देत नाही. बोट उमटलं तरी खवळतो."

बाईंनी आरशाखालच्या फटीतून फळाचा एक सुकलेला देठ उचलला.

हात्सुएची मैत्रीण तोमे हिच्या उंबऱ्यावर मीठ पसरलेलं होतं.

"आजी, मृत्यूचा विटाळ काढायला ना हे? प्रेत सापडल्यावर टाकलंत?" नेमोतोने विचारलं.

"छे, आधीच."

नेमोतो दचकला. "म्हणजे ती मेल्याचं तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मग! दुपारची बोट गेल्यावर तिचं भूत पाहिलं ना मी. पिकून लिबलिबीत झालेली अमरफळं द्यायला गेले होते. त्या नव्या तमाशात मी कधी पाय ठेवला नव्हता, तेव्हाही बोगद्याच्या तोंडाशीच थांबले. समोर हात्सुए, आणि किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर! बेटावरच्या प्रत्येक मढ्याला मीच नेसवते, बाई. जित्याची डावी बाजू वर, मेलेल्याची उजवी. आणि शिवाय हाका मारतेय, 'तोमे, ये ना गं!' हातातलं फळ फेकून मारलं. तिला लागलंच नाही, हवेतच फुटलं. मग जी पळत सुटले!"

"पोलिसांना सांगितलंत?"

"भुताचं? हसायला?"

"आणि प्रेताचा किमोनो कसा होता?" बाईंनी विचारलं.

"डावी बाजू वर. उजवी नंतर मी केली."

बाहेर येताच नेमोतो कुजबुजला, "म्हातारीनेच मारलंय. नक्की!"

"सगळ्यांना बोगद्यापाशी बोलाव. पोलिसांनाही."

कुरेबायाशीबाईंनी तोमेला तोंडाशी उभं केलं. शोकाचा काळा किमोनो घातलेल्या मियुकीला वळणापलीकडे पाठवलं.

तोमे किंचाळली. "हिचीही उजवी वर!"

"आरशात डावं ते उजवं होतं, आजी. फळ हवेत फुटत नाही, काचेवर फुटतं. दुपारची बोट गेली तेव्हा हात्सुए जिवंत होत्या. मियुकी त्याच बोटीत होती."

"मग ही तोमे..." नेमोतो म्हणाला.

"फळाने आरसा माखला. देठ खाली फटीत पडला. संध्याकाळी आरसा लख्ख! पुसला कुणी? समोर आरसा होता हेच आजींना कळलं नव्हतं." त्या वळल्या. "साएकी, तुम्ही झोपला होतात ना? माणूस मारून पळायचं सोडून डाग पुसत बसलात."

साएकी आरशाकडेच बघत होता. "रस वाळला की काचेवर खूण राहते," तो म्हणाला.

त्याने बाहीने काचेचा एक कोपरा पुसला.

"तिनेच माखला असं वाटलं मला. ऊठ म्हटलं, तर म्हणे, थांबा, तोमे येतेय, आम्ही दोघी बसणार आहोत. वीट उचलली तरी तेच. तोमे येतेय."

पोलिसांनी त्याला नेलं. मियुकी तोमेच्या शेजारून गेली. थांबली नाही.

दुसऱ्या सकाळी तोमे धक्क्यावर मासळी घ्यायला आली. तिच्या किमोनोची उजवी बाजू वर होती. सगळ्यांनी पाहिलं. कुणी टोकलं नाही.