चौथं राहिलं

ही गोष्ट खरी आहे.

शपथबिपथ मी घेणार नाही. पटत नसेल त्यानं मे महिन्यात अकोल्याला यावं आणि भर दुपारी नीलमच्या घरी एकटं बसून दाखवावं. मग बोलू.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी अकोल्याची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. ऑटोवाले सीटवर आडवे झालेले असतात. दारं बंद, कूलर चालू. अशा वेळी घरात सुई पडली तरी ऐकू येते.

नीलम माझी मामेबहीण. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. उन्हाळ्यात सकाळची ड्युटी, दुपारी घरी. राहते एकटीच.

तिची आई म्हणजे माझी जाईमामी. गेल्या वर्षी मे महिन्यात गेली. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना म्हणावी तर जाईमामीनंच. माइक नसला तरी शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचायचा. त्रिशरण झालं, की पंचशील. पाच वचनं, एकेक सावकाश, एकही शब्द न गिळता. पोरासोरांनी गाळला तर तिथंच थांबवायची. "राहिलं. पुन्हा म्हण."

मामी आजारी पडायच्या आधी एका रविवारी नीलमनं ती सगळी वंदना मामीच्याच फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवली होती. स्वयंपाकघरात बसून. मध्ये मामीचं खाकरणं होतं, कुकरची शिट्टीही होती. मामी गेली आणि तेवढंच राहिलं.

रोज दुपारी जेवण झालं की नीलम ते ऐकायची.

"एवढी शिकलेली बाई तू, दुसरीकडे कॉपी कावून नाही करून ठेवली?" मी तिला रागावले होते.

"ताई, आई त्या फोनमधीच हाये असं वाटे मले. तिले इकडून तिकडं कुठं नेऊ?"

पण फोन म्हातारा झाला होता. आधी अडकायला लागला. मग आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. एक दिवस कंपनीच्या नावावरच अडकून बसला, तो पुढे सरकेचना. मामीचा पहिला स्मृतिदिन तोंडावर आला होता. विहारातली सगळी माणसं घरी येणार होती, आणि कार्यक्रमाची सुरुवात मामीच्याच आवाजातल्या वंदनेनं करायची, असं नीलम सगळ्यांना सांगून बसली होती.

तिचा मोठा भाऊ सुगत अमरावतीला असतो. कॉम्प्युटरचं काम. जुने फोन खोलून जिवंत करायचा त्याला भारी नाद.

"कंपनीनं ह्या मॉडेलकडं पाहणं कधीचंच सोडलं," तो म्हणाला. "आता आपणच दुसरी सिस्टीम टाकू. कस्टम रॉम म्हणतात त्याले. दोन पर्याय हायेत. एक एकदम नवाकोरा अँड्रॉइड, दिसाले झकास, पण कधी कॅमेरा चालत नाही, कधी फोनच झोपते. दुसरा जुना हाये, साधा हाये. पण ज्यानं बनवला तो माणूस अजूनही ह्या फोनकडे पाहून राहिला. महिन्याच्या महिन्याले दुरुस्त्या येतात. तो स्टेबल हाये."

"मले नवं-फिवं काही नको, दादा. जे टिकते ते टाक. पण आईचा आवाज..."

"अवं, बॅकअप घेतल्याशिवाय मी हात तरी लावीन काय?"

झालं. एवढ्या एका वाक्यावर तिनं फोन त्याच्या हातात ठेवला.

बरेच दिवस फोन अमरावतीलाच राहिला. विचारलं की "होऊन राहिलं, होऊन राहिलं." शेवटी तो स्वतः आणून देऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही.

फोन पळत होता हो! नवीन असताना नव्हता तसा. आणि रेकॉर्डिंग होतं. नीलमनं लावलं आणि ढसाढसा रडली.

पण काहीतरी कमी होतं...

कुकरची शिट्टी नव्हती.

तिनं सुगतला फोन लावला.

"नव्या सिस्टीममध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळला जाते वं. चांगलंच झालं ना."

"आईचं खाकरणंबी नाही."

"तेबी गोंगाटच."

"अन् आवाज जरा बारीक लागते."

"स्पीकर जुना हाये, नीलू. सिस्टीम बदलली म्हणून गळा नाही बदलत फोनचा."

तिनं मानलं. पाठचा भाऊ नाही, थोरला भाऊ. बाप गेल्यावर ह्याच्याच बोटाला धरून ती शाळेत गेली होती. त्याच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर काय रस्त्यावरच्यावर ठेवायचा?

मग एका दुपारी...

दारं बंद होती. लाइट गेलेली, त्यामुळं कूलरही बंद. नीलमनं फोन पुढ्यात ठेवला, डोळे मिटले. त्रिशरण झालं. पहिलं शील. दुसरं. तिसरं...

आणि कोणीतरी खाकरलं.

कोरडं, घशातल्या घशात. मामी खाकरायची तसंच.

नीलमनं डोळे उघडले. पुन्हा लावून ऐकलं. नव्हतं. भास झाला म्हणून तिनं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिसरं शील संपता संपता शिट्टी झाली.

कुकरची. लांबलचक.

ती धावत स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद. कुकर मांडणीवर पालथा. झाकण खिळ्याला टांगलेलं. तिनं झाकणाला हात लावला...

गरम होतं.

आता मे महिन्यात अकोल्यातली सगळीच भांडी गरम असतात. तिनं तशी मनाची समजूत घातली आणि भावाला फोन केला. आनंदानं केला, बरं का.

"दादा, शिट्टी परत आली!"

पलीकडं कीबोर्डची टकटक चालली होती, ती थांबली.

"दादा?"

"कशी येईल?" सुगत म्हणाला.

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे... काही नाही. तू तो फोन बंद करून ठेव. लावू नको आता. कार्यक्रमाच्या दिवशीच लाव."

त्याचा आवाज फाटला होता. पण नीलमनं फोन बंद केला नाही. दुपारी परत लावला.

पहिलं. दुसरं. तिसरं.

मग रेकॉर्डिंग थांबलं. पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते, पण आवाज नव्हता. नुसता श्वास... कोणाचातरी.

आणि मग मामी बोलली. वंदनेचा सूर नव्हता. घरात बोलायची तसा भरदार, दटावणीचा आवाज.

"गंगे... चौथं राहिलं."

नीलम जागेवरून हललीच नाही. लाइट आली, कूलर घरघरला, तेव्हा तिला भान आलं. बोटांवर मोजत तिनं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. पहिलं, दुसरं, तिसरं आणि एकदम पाचवं. चौथं नव्हतंच. इतके दिवस ऐकत होती, पण रडताना मोजतं कोण?

जाईमामी आणि शील गाळेल? मेली तरी गाळणार नाही.

आणि गंगे कोण, हे नीलमला सांगायची गरज नव्हती. गंगूबाई म्हणजे मामीची धाकटी बहीण. चांदूर रेल्वेला राहते. दोघी बहिणींचा आवाज असा, की फोनवर कोण बोलतंय ते घरच्यांनाही कळायचं नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं नीलम चांदूर रेल्वेला उतरली. गंगूमावशी अंगणात कुरड्या वाळू घालत होती. नीलमला पाहिलं आणि हातातली परात तिनं खालीच ठेवली.

"मावशी, तो आवाज तुहा हाये?"

"सुगत आलता," ती म्हणाली. "लहान पोरासारखा रडून राहिलता, बाप्पा! म्हणे, नवी सिस्टीम टाकाले फोनचं कुलूप खोला लागते, अन् कुलूप खोललं की आतलं सगळं साफ होते. त्यानं पाह्यलं होतं, फोटो सगळे वर गुगलमध्ये जमा होते. त्याले वाटलं, फोटो हायेत म्हणजे सगळंच असन. पण आवाज त्याच्यात नव्हता. मले म्हणे, मावशी, नीलू मरून जाईन वं. तुहा आवाज आईसारखाच हाये, तू म्हणून दे."

"अन् तुनं म्हटलं."

"पोरीच्या भल्यासाठी म्हटलं."

"चौथं कावून सोडलं मंग?"

चौथं शील कोणतं, ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी खोटं बोलणार नाही.

"खोटंच तं करून राहिलती मी," मावशी म्हणाली. "ते कोणत्या तोंडानं म्हणू? जीभच नाही वळली. वाटलं, कोणाच्या ध्यानात येते." मग एकदम तिनं नीलमचा हात धरला. "पण तुले कोणं सांगतलं?"

नीलमनं फोन काढून लावला. तिसरं झालं आणि लगेच पाचवं. मध्ये काही नाही. ना शिट्टी, ना खाकरणं, ना मामी.

नीलमनं तोंडानंच सांगितलं, काय ऐकलं ते.

भर उन्हात मावशीचे ओठ पांढरे पडले. "त्या दिवशी सुगतले म्या म्हटलंबी होतं," ती पुटपुटली. "तिसरं झालं अन् माह्या मांगून कोणीतरी खाकरलं. तो म्हणे, मावशी, घरात आपण दोघंच हाओत."

स्टेशनवरूनच नीलमनं भावाला फोन लावला. तो म्हणाला, तुला दुःख होऊ नये म्हणून केलं.

"आई एकदाच मेली होती, दादा. तुनं दुसऱ्यांदा मारली, अन् मले सांगतलंबी नाही. मी परक्या आवाजासमोर बसून रडत होती, अन् तुले ते माहीत होतं."

सुगत त्याच दिवशी अकोल्याला आला. तिच्यासमोर फोन पूर्ण साफ केला, तीच स्टेबल सिस्टीम नव्यानं टाकली. "आता त्याच्यात काही नाही," म्हणाला. "ना मावशी, ना... कोणीच नाही." नीलमनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

स्मृतिदिनाला वंदना नीलमनं स्वतः म्हटली. मामीच्या फोटोजवळ तो कोरा फोन ठेवला होता. सुगत दाराशी बसला होता, गंगूमावशी भिंतीकडे तोंड करून. नीलमनं चौथं शील सावकाश, भावाकडं बघत म्हटलं. त्यानं मान खाली घातली.

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती.

पुढच्या आठवड्यात मी दुपारची तिच्याकडं गेले. दार नुसतं लोटलेलं. नीलम फोन पुढ्यात ठेवून, डोळे मिटून वंदना म्हणत होती. मी गुपचूप तिच्यासमोर बसले. स्वयंपाकघर माझ्या पाठीशी.

पहिलं. दुसरं. तिसरं.

आणि ती थांबली.

पाचवं म्हटलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. परत तिसऱ्यावर थांबली... माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई मुद्दाम चौथं गाळत होती. आई बोलली ती एकदाच, आणि तीही बहिणीशी. लेकीशी एक शब्द नाही. म्हणून ही रोज दुपारी चुकायची आणि कोणीतरी दटावेल म्हणून वाट बघायची.

मला रडू फुटलं. उठून तिला जवळ घ्यावं म्हणून मी हात पुढं केला, आणि...

माझ्या पाठीमागं कोणीतरी खाकरलं.

फोन माझ्या डोळ्यांसमोर होता. पडदा काळा.

नीलमनं डोळे उघडले. तिचा चेहरा असा उजळला होता, की काय सांगू! मग तिला मी दिसले.

"ताई, तू खाकरली का वं?"

"नाही," मी म्हटलं. माझा मलाच आवाज ओळखू येईना. "मी नाही, नीलू. खरंच मी नाही. मांगून आला आवाज."

ती माझ्याकडं बघत राहिली. बघता बघता तो उजेड विझला.

"राहू दे, ताई," ती म्हणाली. "माह्या भल्यासाठी खोटं नको बोलू. दादाबी असाच बोलला होता. मावशीबी."

"अवं, आईची आण..."

"आण नको घेऊ. पुरे झालं आता."

तिनं फोन उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं. मग चहा टाकते म्हणून भांडं घेऊन मागच्या अंगणातल्या मोरीवर गेली आणि नळ सोडला. मला तिथं क्षणभरही थांबवेना. "चहा नको, निघते," म्हणून मी चपला घालायला वाकले.

आणि स्वयंपाकघरातून हाक आली. हळू... अगदी कानाशी यावी तशी.

"नीलू..."

नळ धो धो चालू होता. नीलमला ऐकूच गेलं नाही.

त्यानंतर ती कधी वंदनेला तशी बसली नाही. फोन कुलपात आहे. सुगतशी अजून बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण मी काही सांगू लागले की माझ्या तोंडाकडं निरखून बघते.

मी ती हाक तिला सांगितलेली नाही. रोज वाटतं, आज सांगू. पण सांगितलं तर ती काय म्हणेल, ते मला माहीत आहे.