हुलग्याचं सार आणि चोरटं तूप

१९९८ साली, बंगळूरच्या जयनगरातल्या एका दवाखान्यात, निहारने वजनकाट्यावर चढण्याआधी बूट काढले, घड्याळ काढलं, पाकीट काढलं... आणि पट्ट्याला हात घातला, तेव्हा रक्षिताला हसू आवरेना.

"तेवढा राहू द्या," त्याचं पुटपुटणं ऐकून ती बाकावरून मराठीत म्हणाली. "वजनाला काही फरक पडणार नाही... पँटला पडेल."

तो कानापर्यंत लाल झाला.

रक्षिताचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. वडिलांची, अण्णांची, वाढलेली साखर तिने घरच्या जेवणावर ताळ्यावर आणली होती. निहार पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीवर आणि हॉटेलातल्या लोण्याने थबथबलेल्या बेण्णे दोश्यांवर पोसलेला. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती, पण वजन उतरलं तरच.

"उकडलेल्या भाज्या खाऊन पाहिल्या," तो डॉक्टरांना सांगत होता. "रडू आलं हो."

रक्षिताशेजारी बसलेल्या अण्णांना दया आली. "रक्षिता, माझ्या डब्याबरोबर याचाही कर. स्वल्प जास्त लागेल, काय?"

दुसऱ्या दिवसापासून निहारची ऑफिसची बस यायच्या आधी, कोपऱ्यावर, त्याच्या हातात डबा पडू लागला. कधी नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, रागी मुद्दे, आणि कढीपत्त्याच्या फोडणीचं हुलग्याचं सार, कधी भिजवलेली मूगडाळ, काकडी आणि वर लिंबू.

"हा गोळा चावायचा नाही, गिळायचा," तिने बजावलं.

"तुमच्याकडे सगळं असंच मुकाट गिळायचं असतं?"

"पाहुण्यांना सवलत आहे..."

वजन उतरू लागलं. गालात दडलेली खळी वर आली आणि रक्षिताचं चित्त थाऱ्यावर राहीना. मग एक दिवस तो म्हणाला, "आता थोडंच राहिलंय. मग विमान."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली आणि घरी येऊन मेथीच्या काड्या भांड्यात, पानं केरात टाकून बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सारात चमचाभर तूप पडलं. पहिला चमचा हातून निसटला, असं म्हणता येईल. पुढचे निसटले नव्हते. काटा थबकला... मग उलटा फिरला.

एके दुपारी डब्यांची अदलाबदल झाली. संध्याकाळी अण्णा शांतपणे म्हणाले, "आज सार फार छान होतं. माझ्या वाट्याला असं येत नाही कधी." ती डबा घासायला वळली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्याला खरं सांग, मगा, पोरी. त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे."

सकाळी तिने मान खाली घालून सांगितलं. बस आली, थांबली, निघून गेली.

"माहीत होतं," निहार म्हणाला. "पहिल्या घासालाच. पुण्याच्या माणसाला तूप कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो... तर तुम्ही थांबवलं असतं."

तिला वर बघवेना. "आणि अमेरिका?"

"काल ऑफिसात सांगून टाकलं, दुसऱ्याला पाठवा."

"वजनामुळे?"

"वजनाचं नाव नाही काढलं. म्हटलं... लग्न ठरतंय."

"कुणाशी?"

"ते आज विचारणार होतो. बस चुकली तर."

रक्षिताने त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

"का, काय झालं?" तो दचकला.

"यात तूप आहे," ती म्हणाली. "चला घरी, दुसरं करून देते... अण्णांशी बोलायचंय ना? उपाशीपोटी नको."