आत्याने दिलेली भावली

योगिता लिंबायतला नणंदेकडे निघाली ती एक वस्तू परत करायला. खांद्यावर तीन महिन्यांची ओवी, हातात कापडी पिशवी, पिशवीत भावली. भर दुपार होती. गल्लीतले कापडाचे लूम नेहमीसारखे खडखडत होते.

भावली तिच्या नणंदेची, कुंदनताईची. कुंदनताई एका जपानी साहेबाकडे स्वयंपाक करायची. घरात मूल जन्मलं की भावली द्यायची, ही जपान्यांची रीत. मुलाचं दुखणं ती अंगावर घेते म्हणे. म्हणून कुंदनताईच्या जान्हवीसाठी मेमसाहेबांनी आपल्या आजेसासूच्या वेळची भावली दिली. पांढरा चेहरा, खऱ्या माणसाचे केस. तरी जान्हवी वर्षभर आजारीच. तिला कडेवर घेऊन योगितानेच दवाखाने पालथे घातले होते.

ओवीच्या बारशाला कुंदनताईने तीच भावली आणली. बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवतात. ती म्हणाली, दगड कशाला, हिलाच निजवू. नाव ठेवायचा मान आत्याचा. ती आधी भावलीच्या कानात कुजबुजली, मग बाळाच्या. बायका हसल्या, योगिताही हसली. घरच्या माणसाचा संशय कोण घेतं!

त्या दिवसापासून जान्हवी खाऊ लागली, चालू लागली. आणि ओवी वाळत गेली. डॉक्टर म्हणत, रिपोर्ट चांगले आहेत. काल भावली पुसताना योगिताच्या बोटांना तिचा गाल कोमट लागला.

कुंदनताईने दाराची साखळी काढलीच नाही. फटीतून धुपाचा वास आला.

“ती घरमा नको आणू, वहिनी...”

“ताई, खरं सांगा. काय केलंत?”

कुंदनताईने कपाळ दाराला टेकलं. मग ती रडतच बोलली.

“मनी जान्हवी मरी राहिंती... तुनी पोरना कानमा मी जान्हवीनं नाव सांगं. दुखणं जान्हवीले शोधत येई, ते तुनी पोरकडे जाई...”

“आणि ओवी हे नाव?”

“भावलीना कानमा.”

योगिताने जिच्या पोरीसाठी रात्री जागवल्या, तिनेच केसाने गळा कापला होता. आत जान्हवी भिंतीशी खेळत होती.

“जान्हवी!” योगिताने हाक मारली.

पोरीने वळूनही पाहिलं नाही. खांद्यावरच्या बाळाने मात्र मान उचलून हुंकार दिला.

कुंदनताईने दार लावून घेतलं.

योगिताने बाळाला छातीशी घट्ट धरलं. “ओवी... माझी ओवी गं...”

बाळ तसंच पडून राहिलं. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. हातातल्या पिशवीतून एक बारीक उचकी आली... मग दुसरी.