मी आहे हं

दुपारच्या शोकसभेसाठी तिने शाळेतून अर्धी रजा घेतली. घरी येऊन मावशीचा फोटो भिंतीवरून उतरवला, ओल्या फडक्याने काच पुसली, पिशवीत घातला आणि ती हॉस्पिटलकडे निघाली. अंगात सकाळपासून कणकण होती. पण सिस्टरांची शोकसभा आणि भाचीच गैरहजर, हे काही बरं दिसलं नसतं.

सिस्टर म्हणजे तिची मावशी. उभा जन्म एकाच हॉस्पिटलात गेला. निवृत्त झाली तरी ती 'सिस्टर'च राहिली. दूधवालासुद्धा दाराशी तीच हाक मारायचा. लग्न तिने केलं नाही. बहीण गेली तेव्हा तिची लहानगी मुलगी घरी आणली आणि ड्यूट्या सांभाळून वाढवली. तीच ही भाची.

हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. म्हातारे डॉक्टर काठी टेकत उठले. "सिस्टर वॉर्डात असल्या की आम्ही बुटांचा आवाज करायचो नाही. एकदा खोकलो म्हणून मला बाहेर काढलं होतं... आणि मी तेव्हा विभागप्रमुख होतो!" सगळे हसले. मग एक बसड्रायव्हर उभा राहिला, दाराएवढा आडवा माणूस. तो अपुऱ्या दिवसांचा जन्मला होता. वीज गेली, उबेची पेटी बंद पडली, तेव्हा सिस्टरांनी उजाडेपर्यंत त्याला छातीशी धरून ठेवलं होतं. "आई सांगायची..." एवढं म्हणाला आणि खाली बसला.

शेवटी वॉर्डातली जुनी आया बोलली. "खाटेजवळ जाताना आधी हळूच म्हणायच्या, 'मी आहे हं.' झोपलेलं माणूस दचकू नये म्हणून. आणि घंटा वाजली की भरल्या ताटावरून उठायच्या. कुणाला दुसऱ्यांदा घंटा वाजवायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही."

भाची मान खाली घालून पदराचं टोक चुरत बसली.

बाहेर पडताना आयाने तिच्या गालावरून हात फिरवला. "पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं केलंस गं बाई. शेवटी त्रास नाही ना झाला त्यांना?"

"नाही. झोपेतच गेली."

हे वाक्य आता तिच्या तोंडात रुळलं होतं. विचारणारा विचारून संपायच्या आत ते बाहेर यायचं.

केलं तिने, ते खोटं नव्हतं. खुब्याचं हाड मोडून मावशी खाटेला खिळली, तेव्हापासून आंघोळ, अंथरूण, भांडं, सगळं तिनेच केलं. मावशीच्या उशाशी टेबलावर एक पितळी घंटा असायची. आयुष्यभर घंटा ऐकून धावणारी बाई आता स्वतः घंटा वाजवायची. पाणी. उशी. पडदा ओढ. पडदा सार. त्या दुपारी भाची शाळेतून पेपरांचा गठ्ठा घेऊन आली होती, डोकं फुटायला आलं होतं, आणि घंटा थांबत नव्हती. ती खोलीत गेली. काही न विचारता तिने घंटा उचलली, स्वयंपाकघरात नेली, पिठाच्या डब्यात खुपसली आणि झाकण लावलं. खोलीचं दार ओढून घेतलं.

आतून हाक आली. "अगं..." मग जरा वेळाने पुन्हा. भाचीने उशी कानावर घेतली आणि तिला झोप लागली.

दिवेलागणीला दार उघडलं तेव्हा मावशी कुशीवर होती, खाटेच्या अगदी कडेला. एक हात रिकाम्या टेबलावर पडलेला. तो हात भाचीने पांघरुणात घातला आणि मगच शेजाऱ्यांना हाक मारली.

शोकसभेवरून ती परतली तेव्हा उन्हं उतरली होती. अंगात ताप फणफणला होता. फोटो परत टांगायचंही त्राण नव्हतं. पडावं म्हणून ती मावशीच्याच खाटेवर पडली. घरात दुसरी खाट नव्हती; एरवी ती जमिनीवरच निजायची. खिडकीतला उजेड राखाडी झाला, मग विझला. दिवा लावायला उठावंसं वाटेना.

स्पिरिटचा वास आला.

तिला वाटलं, गादीतूनच येत असेल. मग रबरी तळव्यांच्या बुटांची चाहूल आली. स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून दारापर्यंत. घाई नाही, अडखळणं नाही.

"मी आहे हं..."

तिला डोळे उघडता येत होते, पण तिने ते उघडले नाहीत. कपाळावर गार फडकं आलं. मनगटावर दोन बोटं टेकली आणि तिथेच थांबली, नाडी मोजताना थांबतात तशी. उशी किंचित वर सरकली. लहानपणी गोवर आला होता तेव्हा अगदी असंच झालं होतं. भीतीच्या आधी तिला रडूच आलं.

"मावशी..." ती म्हणाली. "त्या दुपारी... मी ऐकलं होतं गं."

बोटं मनगटावरून हलली नाहीत.

"माहीत आहे. आम्हाला तिकडून सगळं ऐकू येतं. झोप आता."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिने पाय धरले असते, ती भांडली असती, काहीतरी झालं असतं. पण तो आवाज वॉर्डातला होता. कुठल्याही पेशंटशी बोलावं तसा. भाची हुंदके देत राहिली आणि फडकं पुन्हा पुन्हा गार होऊन कपाळावर येत राहिलं.

सकाळी शेजारच्या काकू आल्या. मावशीच्या आजारपणापासून त्यांच्याकडे एक किल्ली असायची. "काल अंधारच दिसला तुझ्याकडे, म्हटलं बघून यावं," म्हणत त्यांनी खिडकी उघडली, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही हो. चल, ऊठ, चहा टाकते."

भाची उठायला गेली आणि तिला पाय वेगळे करता येईनात.

काकूंनी पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधलेले होते. पांढरी, स्वच्छ पट्टी. घट्ट नाही, सैल नाही. टोकं नीट आत खोचलेली. प्रेत वॉर्डातून हलवायच्या आधी बांधतात तशी.

"कोणी... कोणी आलं होतं का गं काल?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

ती पायांकडे बघत राहिली. काकूंनी कात्री आणून पट्टी कापली, पाय मांडीवर घेतले आणि तेल लावून चोळ चोळ चोळले. घोट्यांखाली ते दगडासारखे गार होते.

डॉक्टर म्हणाले, रक्त नीट फिरतंय, काही नाही, लोकरीचे मोजे घाला. ती घालते. भर उन्हाळ्यातही घालते, आणि शाळेतल्या मुली तिला हसतात. गारवा काही गेलेला नाही. परवा काकूंपाशी ती सहज बोलावं तसं म्हणाली, यंदा तो गुडघ्यापर्यंत आलाय.